नवं .२२ पिस्तूल दर दुसऱ्या मॅगझिनला अडतंय? कानस हातात घेण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या एक ताई २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल मारतात. आजवर क्लबच्या पिस्तुलावर सराव केला, आता स्वतःच्या लायसन्सवर नवं कोरं, युरोपी बनावटीचं .२२ आलं. तीनेकशे राउंड झाले, पण दर दुसऱ्या मॅगझिनला काहीतरी अडतंच. कधी काडतुसाचं नाक रॅम्पला (काडतूस चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या खोलीकडे, चढवणाऱ्या उताराला) टेकून बसतं, कधी रिकामी पुंगळी बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकून काडतूस भरणाऱ्या पोलादी ठोकळ्याच्या, तोंडात उभी सापडते, कधी नुसता ‘खट्’ आवाज येतो आणि गोळी सुटतच नाही. एका जाणकारांनी सल्ला दिलाय की रॅम्प घासून गुळगुळीत करून घ्या आणि रिकॉइल स्प्रिंगचा (बोल्टला परत पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा) एक वेढा कापा. ताई विचारतात, करू का?

नको. दोन्ही नको.

ज्या गावच्या राही सरनोबतांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये याच प्रकारात सुवर्ण घेतलं, त्या गावात २५ मीटरचं पिस्तूल ओळखणारी माणसं कमी नाहीत. त्यामुळे सल्लेही भरपूर मिळणार. पण कुठलाही सल्ला ऐकताना एवढंच बघा, की केलेली गोष्ट उद्या परत फिरवता येईल का. तेल पुसता येतं, मॅगझिन बदलता येतं, गोळीचा ब्रँड बदलता येतो. घासलेलं पोलाद परत येत नाही. स्प्रिंगचा वेढा कापला की बोल्ट मागे जास्त जोरात आपटतो आणि पुढे येताना मात्र त्याचा जोर कमी पडतो. म्हणजे पुंगळी कदाचित नीट बाहेर जाईल, पण पुढचं काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसणार नाही. एक दुखणं देऊन दुसरं विकत घेतल्यासारखं. शिवाय वॉरंटी गेली ती गेलीच. आणि कायद्याचं म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली शस्त्रदुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. हात चांगला आहे म्हणून एखाद्या लेथवाल्याकडे पिस्तूल सोडून आलात तर त्याच्याबरोबर तुमचंही लायसन्स अडचणीत येतं.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की हे तीन वेगळे बिघाड नाहीत. बोल्ट पूर्ण मागे जात नाही हा एक, आणि दोनपैकी एक मॅगझिन खोडसाळ आहे हा दुसरा. ‘खट्’ बहुधा पहिल्याच्याच पोटातला निघेल. पण अंदाज तो अंदाज. तो कसा तपासायचा ते खाली सांगतो.

आधी सुरक्षिततेचं, कारण अडलेलं पिस्तूल हे चालू पिस्तुलापेक्षा जास्त फसवं असतं. काहीही अडलं तरी नळी टार्गेटच्याच दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट उघडायचा, हा क्रम कधी उलटा होऊ द्यायचा नाही. ‘खट्’ झालं आणि गोळी सुटली नाही तर निदान तीस सेकंद तसंच धरून थांबा. क्वचित काडतूस उशिरा पेटतं, आणि तेव्हा बोल्ट उघडा असेल तर पितळेचे तुकडे तोंडावर येतात. चष्मा घालायचाच. आणि नेहमीचा कडक आवाज न येता नुसतं ‘फुस्स’ झालं, तर पुढची गोळी झाडायची नाही म्हणजे नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळीतून क्लीनिंग रॉड घालून बघा, पलीकडे निघाला तरच पुढचं.

आता मुद्द्यावर येऊ. रेंजवर जो तो म्हणतो, ‘जॅम झालं’. त्या शब्दातून काहीच कळत नाही. तुमच्यासारखी बहुतेक .२२ स्पोर्ट पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात. बोल्टला कुलूप नसतं. दारू पेटली की पुंगळी मागे सरकू बघते आणि तीच बोल्टला ढकलते. बोल्टचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग, एवढ्यावरच सगळा तोल. ढकलायला आहे काय, तर जेमतेम अडीच ग्रॅमची शिशाची गोळी ३२०-३३० मीटर दर सेकंद वेगाने पुढे जाताना जो धक्का मागे येतो तो. नऊ मिलिमीटरसारखी ताकद इथे शिल्लक नसते. जाड तेल, थंड हवा, मेणाचा थर, यातलं काहीही बोल्टचा मार्ग दोन-चार मिलिमीटरने तोकडा करू शकतं. आणि बोल्ट तोकडा पडला की तो कुठल्या क्षणी तोकडा पडला त्यावर ठरतं, की तुम्हाला पुंगळी अडकलेली दिसेल, की चेंबर रिकामं दिसेल, की काडतूस वाकडं दिसेल.

म्हणून पिस्तूल अडलं की झटकन बोल्ट ओढून मोकळं करायची घाई करू नका. सरावात असाल तर हात तसाच ठेवून एकदा नीट बघा. शक्य असेल तर शेजारच्याला मोबाईलवर फोटो काढायला सांगा. एक फोटो दहा वाक्यांचं काम करतो.

काय बघायचं? रिकामी पुंगळी बोल्ट आणि नळीच्या मध्ये धुराड्यासारखी उभी असेल, तर ती चेंबरमधून निघाली होती, पण बाहेर फेकली जाण्याइतका जोर मिळाला नाही. बोल्ट मंद होता, किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली काजळी साठून त्याची पकड ढिली झाली. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि पुढच्या काडतुसाचं नाक तिच्या बुडाला टेकलं असेल, तर दोष चेंबरच्या स्वच्छतेत किंवा एक्स्ट्रॅक्टरमध्ये आहे. बोल्ट बंद, मॅगझिनमध्ये काडतुसं आहेत आणि चेंबर मात्र रिकामं, असं असेल तर बोल्ट काडतुसाच्या बुडापर्यंत मागे पोहोचलाच नाही, वरून घसरून गेला. अशा वेळी मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस काढून उजेडात धरा. पितळी अंगावर मध्येच कुठेतरी बोल्टच्या कडेचा आडवा ओरखडा सापडेल. तो ओरखडा सापडला की बोल्ट तोकडा पडतोय याबद्दल शंका ठेवायला नको.

काडतुसाचं नाक रॅम्पला खाली टेकलं असेल, तर मला पहिला संशय मॅगझिनचा येतो. नाक वर, नळीच्या माथ्याशी उभं असेल तरीही मॅगझिनचाच, फक्त आता त्याच्या ओठांचा, म्हणजे वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या कडांचा. रॅम्पचा नंबर यादीत फार खाली लागतो. कारखान्यातून आलेल्या चांगल्या पिस्तुलात रॅम्पच चुकीचा निघाला असं फार कमी पाहिलंय. आणि निघालाच, तर दोन्ही मॅगझिन सारखीच अडायला हवीत, गोळी कुठलीही घातली तरी. तुमच्याकडे तसं होतंय का? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धागा तिथेच आहे.

तर पहिलं काम. दोन्ही मॅगझिनच्या तळाला मार्करने १ आणि २ असे आकडे घाला. एक छोटी वही रेंजबॅगेत ठेवा. प्रत्येक अडचणीला चारच गोष्टी लिहा: कुठलं मॅगझिन, पाचातलं कितवं काडतूस, कुठली गोळी आणि लॉट (डबीवरचा उत्पादनाचा नंबर), आणि काय दिसलं. पन्नास-शंभर राउंडांत चित्र दिसायला लागतं. सगळी अडकणी एकाच मॅगझिनच्या नावावर लागली तर पिस्तुलाची सुटका. दर वेळी पहिलंच काडतूस अडत असेल तर भरण्याची किंवा बोल्ट सोडण्याची पद्धत बघायची. शेवटची दोन अडत असतील तर मॅगझिनची स्प्रिंग वर ढकलायला कमी पडतेय किंवा फॉलोअर (काडतुसांना खालून वर उचलणारा तुकडा) वाकडा होतोय.

दुसरं काम, एका काडतुसाची चाचणी. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला आणि झाडा. तुमच्या पिस्तुलात शेवटच्या राउंडनंतर बोल्ट उघडा राहण्याची सोय असेल, तर बोल्ट उघडाच राहायला हवा. राहिला तर तो पूर्ण मागे गेला. पुंगळी बाहेर पडली पण बोल्ट पुढे येऊन बंद झाला, तर तो तोकडा पडला, नाहीतर त्या मॅगझिनचा फॉलोअर बोल्टस्टॉपला (बोल्ट उघडा धरणाऱ्या खिट्टीला) नीट उचलत नाहीये. हेच दोन्ही मॅगझिनवर दहा-दहा वेळा करा. दोन्हींवर बोल्ट पडत असेल तर दोष बोल्टच्या हालचालीत किंवा गोळीत. एकावरच पडत असेल तर त्या मॅगझिनमध्ये. पुंगळ्या कुठे पडतात तेही बघत चला. निरोगी पिस्तूल दर वेळी साधारण एकाच जागी ढीग घालतं. एक पुंगळी दोन मीटरवर आणि पुढची मनगटाशेजारी, असं असेल तर बोल्टचा वेग दर वेळी वेगळा आहे.

आता मॅगझिनबद्दल जरा सविस्तर, कारण .२२ मध्ये निम्मी दुखणी इथेच असतात. या काडतुसाला बुडाशी रिम असते, बाहेर आलेली कड. भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली, तर बोल्ट वरच्याला पुढे ढकलताना वरची रिम खालच्या रिमला अडकते आणि दोघंही जागच्या जागी घट्ट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रॅम्पमध्ये अडलं. घाईत भरताना, विशेषतः बाजूचं बटण अंगठ्याने पूर्ण खाली दाबून काडतुसं नुसती आत सोडली, की हे हमखास होतं. बटण एका काडतुसापुरतंच खाली घ्या, काडतूस आत सरकवा, बुडाकडे टेकलंय हे बघा, मग पुढचं. भरून झाल्यावर बाजूच्या फटीतून बघितलं तर पाचही काडतुसं एका वळणात, नाकं किंचित वर, अशी दिसली पाहिजेत. एखादं नाक खाली पडलेलं दिसलं तर रिकामं करून परत भरा.

नव्या मॅगझिनला आणखी एक रोग असतो. कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून आतून ग्रीस लावलेलं असतं. आपण पिस्तूल कौतुकाने साफ करतो आणि मॅगझिन तसंच घालतो. त्या ग्रीसमध्ये गोळ्यांवरचं मेण आणि काजळी मिसळून जो चिखल होतो, त्यात फॉलोअर रुतत रुतत वर येतो. संथ फायरमध्ये पुरेसा वेळ मिळतो म्हणून कळत नाही, आणि स्टँडर्ड पिस्तुलाच्या दहा सेकंदांच्या मालिकेत मात्र उघडं पडतं. मॅगझिन खोलून आतली बाजू कोरडी पुसा. तेल नको. ओठ आतून नखाने चाचपून बघा, कुठे धारदार कंगोरा लागतो का. लागला तरी स्वतः घासू नका, दुसऱ्या मॅगझिनच्या ओठांशी ताडून बघा आणि फोटो काढून विक्रेत्याला पाठवा. ओठ पकडीने दाबणं हा प्रकारही तसाच. पाव मिलिमीटरची चूक पुरते.

गोळीकडे येऊ. आपल्याकडे हा भाग नाजूक, कारण गोळी आयात, कोट्यात, आणि जी मिळाली ती गोड मानायची. तरीही एवढं लक्षात ठेवा. स्पोर्ट पिस्तुलाचा बोल्ट आणि स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या, गोल नाकाच्या शिशाच्या गोळीसाठी जुळवलेले असतात. मुद्दाम मऊ धक्क्याची म्हणून विकली जाणारी पिस्तूल-गोळी मनगटाला सुखाची, पण नव्या, अजून न मोकळ्या झालेल्या बोल्टला ती अपुरी पडू शकते. उलट हाय व्हेलॉसिटीची गोळी घालून ‘बघा, आता चालतंय’ म्हणणारे भेटतील. चालेलही, पण दर वेळी बोल्ट मागच्या थोपटीवर आदळत असतो, आणि ते आदळणं आज ना उद्या बफर किंवा फ्रेमवर निघतं. मॅन्युअलमध्ये कुठली गोळी सुचवली आहे ते वाचा. क्लबकडून रेंजवर झाडण्यापुरत्या दुसऱ्या कुठल्या स्टँडर्ड गोळीच्या एक-दोन डब्या रीतसर मिळतात का विचारा. एसके, एली, सीसीआय, काय मिळेल ते, फक्त आत्ता वापरताय त्यापेक्षा वेगळं. प्रत्येकाचं वंगण वेगळं असतं, कुणाचं मेणासारखं घट्ट, कुणाचं तेलकट, आणि चेंबरमध्ये त्याचा थर वेगवेगळ्या गतीने बसतो. डबीतली काडतुसं मॅगझिनमध्ये घालण्याआधी बोटांतून फिरवून बघायची सवय लावा. शिशाला खळगा पडलेला, किंवा गोळी पुंगळीत हलतेय असं वाटलं, की ते काडतूस बाजूला. एकदा चेंबरमध्ये जाऊन परत काढलेलं काडतूसही पुन्हा पुन्हा भरू नका, नाक घासून बोथट होतं.

हवेचं गणित कोल्हापुरात फारसं जाणवणार नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बालेवाडीला, आणि त्याहून दिल्लीच्या कर्णीसिंह रेंजवर, चांगलं जाणवतं. थंडीत तेल आणि मेण दोन्ही दाटतात, दारूही जरा आळसावते. घरी धाड धाड चाललेलं पिस्तूल तिथे पहिल्या डिटेलला, म्हणजे पहिल्या फेरीलाच, अडतं. उपाय साधा आहे. गोळ्यांची डबी जॅकेटच्या खिशात ठेवा आणि तेल कमी करा. यावरून आठवलं, गावाकडून येणाऱ्या नव्या पोरांपैकी एखाद्याने बोल्टला खोबरेल लावलेलं असतं. पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठतं हे घरातल्या बाटलीकडे बघून ज्याला रोज दिसतं, त्यालाच ते पिस्तुलात कसं सुचत नाही कोण जाणे.

तुमच्या केसमध्ये माझा सगळ्यात जास्त संशय या तेलावरच आहे. पिस्तूल आलं तेव्हा बोल्टच्या खोबणीत, फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका मारणाऱ्या खिळ्याच्या) भोकात दाट संरक्षक तेल होतं का? वरवर पुसून वापरायला काढलं असेल तर तीनशे राउंडांत त्याचा काळा मलम झालेला असणार. मॅन्युअलमध्ये दाखवलंय तेवढंच खोला, त्यापुढे नाही. बोल्ट काढा, रेल्स (बोल्ट ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) आणि बोल्टचं तोंड सॉल्व्हंटने स्वच्छ करा, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली टूथपिकने कोरा. तिथून मेणाची आणि शिशाची राखाडी पापडी निघेल. चेंबर ब्रॉन्झच्या ब्रशने फिरवून मग कापडाने कोरडं करा. चेंबर आणि नळी कोरडीच हवी. रेल्सवर हलक्या तेलाचा एकेक थेंब, बोटाने पसरून जेवढा राहील तेवढाच. फायरिंग पिनच्या वाटेत तेल नको.

आता त्या ‘खट्’कडे. न सुटलेलं काडतूस थांबून बाहेर काढलंत की त्याच्या रिमवरची खूण बघा. .२२ मध्ये पेटणारा मसाला रिमच्या आत गोल फिरून भरलेला असतो आणि कधी कधी एखाद्या जागी तो विरळ असतो. खूण खोल, स्वच्छ, सुटलेल्या पुंगळीवरच्या खुणेसारखीच असेल तर काडतूस वांझ होतं, पिस्तुलाचा दोष नाही. हजारात एखादं असं स्वस्त गोळीत निघायचंच. खूण उथळ असेल तर गोष्ट वेगळी. एक तर फायरिंग पिन दाट तेलातून पोहत येतेय, नाहीतर बोल्ट पूर्ण बंद नव्हता आणि फायरिंग पिनवर आदळणाऱ्या हॅमरचा अर्धा जोर बोल्ट बंद करण्यातच गेला. दोन्हींचं मूळ पुन्हा तेल आणि मळ. सुरुवातीला ‘खट्’ पहिल्याच्याच पोटातलं म्हणालो ते यासाठी. एकाच डबीतली सुटलेली पुंगळी आणि न सुटलेलं काडतूस शेजारी ठेवून भिंगाने बघा, फरक लगेच कळतो.

ड्राय फायरिंगबद्दल विचारायला हवं. घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव सगळेच करतात, करायलाच हवा. पण रिमफायर पिस्तुलात चेंबर रिकामं असताना फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते. बऱ्याच स्पोर्ट पिस्तुलांत ड्राय फायरसाठी वेगळी सोय असते, ती न वापरता शेकडो वेळा ‘खट् खट्’ केलं तर काठावर बारीक ठोका बसतो आणि तिथलं पोलाद चेंबरच्या आत सरकतं. मग काडतूस शेवटचा केसभर आत जात नाही, आणि पुंगळी निघताना खरवडते. तपासायला सुटलेल्या पुंगळ्या बघा. सगळ्यांवर एकाच बाजूला एकसारखी रेघ असेल तर चेंबरच्या काठाला बोट लावून पाहा. कंगोरा लागला तर ते काम परवानाधारक गनस्मिथचं आहे. त्यासाठी वेगळं हत्यार असतं, ते काठ घासत नाही, सरकलेलं पोलाद परत दाबून बसवतं.

तुमच्या हाताचाही हिशोब यात येतो, रागावू नका. पहिलं काडतूस भरताना बोल्ट मागे ओढून हळूच, हाताने सांभाळत पुढे नेत असाल तर ते थांबवा. नव्या पिस्तुलाची माया म्हणून बरेच जण असं करतात. बोल्ट पूर्ण ओढा आणि सोडून द्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. मॅगझिन ‘टक्’ आवाज येईपर्यंत वर बसवा आणि मग एकदा खाली ओढून खात्री करा. अर्धवट बसलेलं मॅगझिन काडतुसाला खालून देतं आणि नाक थेट रॅम्पवर, म्हणजे तुमचं पहिलंच लक्षण. नव्या लाकडी ग्रिपचा पाम-शेल्फ (तळहाताचा टेकू) किंवा अंगठ्याचा उंचवटा बोल्टच्या वाटेत येतोय का तेही बघा. हाताबरहुकूम पुटी भरून घेतलेल्या ग्रिपमध्ये हा घोळ होतो. सैल पकडीचा परिणाम या पिस्तुलांत लहान सर्व्हिस पिस्तुलांइतका होत नाही, पण थकलेल्या मनगटाने शेवटच्या मालिका मारताना अडकणी वाढत असतील तर वहीत तेही दिसेल.

‘अजून पाचशे झाडा, आपोआप मोकळं होईल’ असं सांगणारे भेटतील. थोडं खरं आहे. नव्या रेल्स, नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे राउंडांत सरावतात. पण ते क्वचित अडणाऱ्या पिस्तुलाचं झालं. दर दुसऱ्या मॅगझिनला अडणाऱ्या पिस्तुलात कोट्यातल्या पाचशे गोळ्या अशाच घालवणं मला पटत नाही.

स्पर्धेचं एक सांगतो, कारण हा सगळा प्रश्न शेवटी तिथे येऊन ठेपतो. रॅपिड स्टेजला प्रत्येक गोळीला तीन सेकंद आणि मध्ये सात सेकंद. त्यात पिस्तूल अडलं तर हाताची पहिली ओढ बोल्टकडे जाते, आणि तिथेच गुण जातात. पिस्तूल हातातच, नळी टार्गेटकडे, मोकळा हात वर, रेंज ऑफिसर येईपर्यंत कशालाही हात नाही. त्याने बघण्याआधी तुम्ही बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावलात तर अडचण खरी असली तरी ती अलाउएबल मालफंक्शन (नियमात माफ असलेला बिघाड) धरली जात नाही. मॅगझिन नीट न बसणं, काडतुसं कमी भरणं, ट्रिगर पुरेसा परत न सोडणं हेही तुमच्याच खात्यावर. पुंगळी अडकली, काडतूस अडलं, ट्रिगर ओढला पण काडतूस सुटलं नाही, हे अलाउएबल. म्हणजे सरावात फोटो काढायला थांबायची सवय लागली तर स्पर्धेतही हात आपोआप थांबतो.

हे वाचणाऱ्यांत स्वसंरक्षणासाठी .३२ पिस्तूल बाळगणारेही असतील, कारण तीच तक्रार त्यांचीही असते. .३२ एसीपीच्या काडतुसालाही अर्धवट रिम असते, त्यामुळे रिम अडकण्याचा प्रकार तिथेही होतो आणि भरण्याची काळजी तीच. वेगळं एवढंच, की ती पिस्तुलं महिनोन् महिने भरून कपाटात पडतात. बुडावर खडकीच्या कारखान्याची ‘केएफ’ अक्षरं असलेली पावसाळे खाल्लेली काडतुसं, हिरवट चढलेली, घामेजलेली, तशीच मॅगझिनमध्ये. ती बदला, मॅगझिन पुसा, आणि वर्षातून दोनदा तरी मान्यताप्राप्त रेंजवर झाडून बघा. त्या हलक्या पिस्तुलांत सैल मनगट खरंच अडकणी घडवतं, तिथे पकड घट्टच हवी.

ताई, तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात मॅगझिनं आणि बोल्ट साफ करा, दुसरं काही बदलू नका. मग आत्ताच्याच गोळीवर पन्नास राउंड, वहीसकट. अडचण राहिली तर गोळी बदला, मॅगझिनं तीच. तरीही राहिली आणि ती एकाच मॅगझिनच्या नावावर दिसली, तर विक्रेत्याला फोटो, वहीचं पान, लॉट नंबर आणि पिस्तुलाचा सीरियल नंबर पाठवून नवं मॅगझिन मागा. आयातीचं पिस्तूल परत पाठवायला महिने लागतात, त्यामुळे विक्रेताही नुसतं मॅगझिन बदलून द्यायला लवकर तयार होतो. दोन्ही मॅगझिनं, दोन्ही गोळ्या आणि स्वच्छ बोल्टवरही अडत असेल तर मात्र पिस्तूल परवानाधारक गनस्मिथकडे, लायसन्स बरोबर घेऊन. एखादं मॅगझिन खोडसाळ निघालंच तर ते सरावाच्या बॅगेतून काढून घरी ठेवा, नाहीतर घाईच्या दिवशी नेमकं तेच हाताला लागतं.